‘ओळख पाहू, मी कोण?’ असं न विचारणारा रेडिओ : सुरुवातीच्या डिमेन्शियासाठी इन्स्टॉलेशन कसं बनवतात?

इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन म्हटलं की मॉलमधली फरशी डोळ्यांसमोर येते. फरशीवर प्रोजेक्टरचे मासे पोहत असतात, लहान मुलाने पाय टाकला की ते पळतात. काळा घोडा फेस्टिव्हलला जाणाऱ्यांनी याहून भारी प्रकार पाहिले असतील. व्याख्या मात्र साधीच आहे. माणसाने काहीतरी करायचं (हात हलवायचा, वस्तू उचलायची, बटण फिरवायचं) आणि समोरच्या वस्तूने प्रकाशाने, आवाजाने किंवा हालचालीने उत्तर द्यायचं.

हेच तंत्र गेली वीसेक वर्षं डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांसाठी वापरलं जातंय. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये याचं प्रमाण ७.४ टक्के आहे, असं ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवर आधारित २०२३ च्या अभ्यासात दिलंय. म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. तुमच्या बिल्डिंगमध्ये, तुमच्या नात्यात कोणी ना कोणी असणारच. फक्त ‘वय झालं आता’ म्हणून विषय संपवलेला असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर पेमेंट अ‍ॅपच्या स्क्रीन बनवते. राहते परळला. आजी शहात्तर वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिला सुरुवातीचा डिमेन्शिया सांगितल्यावर मी या विषयात शिरले आणि दोन मित्रांच्या मदतीने घरात एक छोटं यंत्र बनवलं. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते. पण आधी एक गोष्ट. विसरभोळेपणा दिसला की गॅजेट शोधायच्या आधी डॉक्टरकडे जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एवढंच काय, नीट ऐकू न येणं यामुळेही माणूस ‘विसरल्यासारखा’ वागतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय होतो. आपल्या भागात केईएम आणि नायर दोन्हीकडे न्यूरॉलॉजी आणि मानसोपचाराची ओपीडी आहे.

काय जातं, काय राहतं

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, लक्षणांचा गट आहे. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. त्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला लवकर धक्का बसतो. नवीन आठवण ‘सेव्ह’ करण्याचं काम मुख्यतः हाच भाग करतो. म्हणून सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, पण १९६८ साली चाळीत पाणी किती वाजता यायचं ते आठवतं.

हातांची आठवण मात्र वेगळीकडे राहते. सायकल चालवणं, वेणी घालणं, भाकरी थापणं या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांत साठवलेल्या असतात, आणि त्या बराच काळ टिकतात. हा फरक पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो डिमेन्शियाच्या नव्हे, तर अपस्माराच्या एका अमेरिकन रुग्णात. हेन्री मोलेसनवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही. आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने फिरायचा!

डिझाइन करणाऱ्यासाठी ही मोठी भेट आहे. नवीन इंटरफेस शिकवायचा नाही, हाताला आधीच येतं तेच वापरायचं.

सुरुवातीच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट होते, जिच्याबद्दल घरात कमी बोललं जातं. माणूस स्वतःहून काही सुरू करत नाही. टीव्ही समोर असतो, रिमोट हातात असतो, तरी तो लावत नाही. घरच्यांना वाटतं आळस किंवा रुसवा. खरं तर ‘सुरुवात करणं’ हेच काम मेंदूला जड जात असतं. आणि या टप्प्यातल्या माणसाला आपलं काहीतरी चुकतंय हे कळत असतं. एखादा शब्द अडला, नाव चुकलं की चेहऱ्यावर लाज दिसते. चारचौघांत असं दोन-तीनदा झालं की ती व्यक्ती चारचौघांत बसणंच सोडते.

आता आपल्याकडची पद्धत बघा. पाहुणे येतात आणि आजीसमोर उभे राहून पहिला प्रश्न विचारतात, ‘ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?’ प्रेमानेच विचारतात. पण ही तोंडी परीक्षा असते, आणि आजीला ती दिवसातून चार वेळा द्यावी लागते.

बाहेर काय काय झालंय

स्कॉटलंडमध्ये डंडी आणि सेंट अँड्र्यूज या दोन विद्यापीठांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सर्का’ नावाची प्रणाली बनवली. मोठा टचस्क्रीन, त्यावर जुने फोटो, गाणी, छोट्या फिल्म. यात त्यांनी घेतलेला एक निर्णय मला फार आवडतो. त्यांनी घरचे फोटो मुद्दाम घेतले नाहीत. लग्नाचा फोटो दाखवला की ‘हे कोण?’ हा प्रश्न आलाच, म्हणजे पुन्हा परीक्षा. त्याऐवजी त्या काळातले सगळ्यांचे फोटो घेतले: रस्ते, दुकानं, समुद्रकिनारा. त्यावर कोणी काहीही बोललं तरी ते चूक ठरत नाही. आणि पुढे काय बघायचं हे निवडण्याचं काम रुग्णाच्या हाती आलं. एरवी सोबतच्या माणसालाच प्रश्न विचारून विचारून गप्पा ओढून न्याव्या लागतात.

दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं, ‘टोव्हरटाफेल’, म्हणजे जादूचं टेबल. हेस्टर अँडरिएसन ल रीश यांनी डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात पीएचडी करताना ते विकसित केलं आणि २०१५ मध्ये ते बाजारात आलं. छताला एक पेटी टांगलेली असते, तिच्यात प्रोजेक्टर आणि इन्फ्रारेड सेन्सर. साध्या जेवणाच्या टेबलावर पानं पडतात, हाताने सारली की सरकतात. फुलं उमलतात, चेंडू टोलवता येतो. हे मुख्यतः पुढच्या टप्प्यातल्या लोकांसाठी आहे, म्हणून खेळ अगदी सोपे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाला त्यात पोरखेळ वाटण्याची शक्यता मोठी. तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे हात कुठेही ठेवा, काहीतरी छान घडतं.

तिसरं उदाहरण तुम्ही सोशल मीडियावर पाहिलं असेल. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बेनराथ भागात एका वृद्धाश्रमाबाहेर खोटा बसस्टॉप आहे. फलक खरा, बाक खरा, बस मात्र कधीच येत नाही. ‘मला घरी जायचंय’ म्हणत बाहेर पडलेले आजी-आजोबा तिथे बसतात, जरा वेळाने शांत होतात आणि मग कोणीतरी त्यांना आत नेतं. पुढच्या टप्प्यात, रस्ता चुकून जीव जाण्याचा धोका असताना, मी याला नावं ठेवणार नाही. पण सुरुवातीच्या डिमेन्शियात हे फसवणं आहे आणि ते समोरच्याला कळतं. दादर टीटीच्या एखाद्या निवृत्त कंडक्टरला खोट्या स्टॉपवर बसवून बघा, तो तुम्हालाच विचारेल की इथे कुठली गाडी लागते. (टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, नाव अजून चालू आहे.) म्हणून आपल्या यंत्राने ‘मी खेळणं आहे, मी जुन्या वस्तूसारखं दिसतं’ हे उघड सांगावं.

आमचा रेडिओ

आजीच्या हाताला काय येतं, याची यादी आम्ही तिच्याबरोबर बसून केली. सुरुवातीच्या टप्प्याचा हा फायदा आहे, माणूस स्वतः सांगू शकतो. पाटा-वरवंटा, स्टोव्हला पंप मारणं, बॉबिन भरणं (ती लालबागच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात होती), आणि रेडिओ. स्टोव्ह आणि वरवंटा सुरक्षिततेमुळे बाद झाले. रेडिओ राहिला. चाळीत मजल्यावर एकच रेडिओ होता, शेजारच्या खोलीत, मोठा लाकडी. सगळ्यांनी दाराशी बसून ऐकायचा.

लाकडी खोकं चोरबाजारात मिळालं, आतलं सगळं मेलेलं. बाकीचा माल लॅमिंग्टन रोडचा. मेंदू म्हणून जुना रास्पबेरी पाय ३, त्याच्या ऑडिओ जॅकला छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच इंची स्पीकर. पुढे दोन मोठी बटणं, फिरवायची. डावं आवाजाचं, उजवं स्टेशनचं.

इथे पहिला तांत्रिक प्रश्न आला. उजव्या बटणाच्या मागे काय लावायचं? आजकाल सगळे रोटरी एन्कोडर लावतात. तो गोल गोल फिरत राहतो आणि फक्त ‘एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे’ एवढंच सांगतो. तुम्ही कुठे आहात हे त्याला ठाऊक नसतं, ते सॉफ्टवेअरने लक्षात ठेवायचं असतं. आम्ही मुद्दाम साधा पोटेन्शिओमीटर लावला, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि काटा जिथे तिथलंच स्टेशन. भजन डावीकडे टोकाला असेल तर ते आज, उद्या, पुढच्या महिन्यात तिथेच सापडणार. यंत्राची सगळी स्थिती डोळ्यांना दिसते, कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. आजीलाही नाही आणि प्रोग्रामलाही नाही. वीज गेली आणि परत आली तरी बटण जिथे होतं तिथेच असतं.

रास्पबेरी पायला अ‍ॅनालॉग व्होल्टेज थेट वाचता येत नाही, म्हणून मध्ये एमसीपी ३००८ ही चिप घातली. ती बटणाची जागा ० ते १०२३ अशा आकड्यात देते. या पट्ट्यावर सहा स्टेशनं बसवली. अडचण अशी की हे आकडे स्थिर नसतात, बटणाला हात न लावताही दोन-चारने हलत राहतात. स्टेशनच्या बरोबर सीमेवर काटा असेल तर गाणं सुरू-बंद, सुरू-बंद होत राहील. यावरचा उपाय इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेला, हिस्टेरेसिस. स्टेशनमध्ये शिरायला मध्यबिंदूच्या ४० आकडे जवळ यावं लागतं, पण बाहेर पडायला ५५ दूर जावं लागतं. बस, लटपट बंद.

दोन स्टेशनांच्या मध्ये खरखर ठेवली. ही नुसती सजावट नाही. बटण एक केसभर हललं तरी आवाज लगेच बदलतो, म्हणजे ‘तुझ्या हाताने काहीतरी झालं’ हे उत्तर ताबडतोब मिळतं. हे उत्तर दहाव्या हिश्श्याच्या सेकंदाच्या आत यायला हवं. उशीर झाला तर माणूस हाताचा आणि आवाजाचा संबंध जोडत नाही, पुन्हा पुन्हा फिरवतो आणि कंटाळतो. खरखर आणि गाणं एकाच वेळी कमी-जास्त करायचं असल्याने एका वेळी एकच फाइल वाजवणारं स्वस्तातलं एमपीथ्री मॉड्यूल इथे चालत नाही. रास्पबेरी पाय त्यासाठीच घ्यावा लागला.

आजीने पहिल्या संध्याकाळी काय केलं असेल? स्टेशन नीट लागेना म्हटल्यावर तिने खोक्याच्या डोक्यावर तळहाताने दोन थापटा मारल्या. आम्ही तिघंही बघत राहिलो. खरखर आली की रेडिओला थापटायचं, हे आमच्या पिढीच्या हातात नाहीच. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या आतून दहा-वीस रुपयांची एक पिझो चकती चिकटवली, तिच्या दोन टोकांना समांतर एक मेगाओमचा रेझिस्टर जोडला आणि चिपच्या रिकाम्या चॅनेलला लावली. आता थाप बसली की खरखर कमी होते आणि जवळचं स्टेशन स्वच्छ लागतं. माझ्या मते अख्ख्या यंत्रातला सगळ्यात चांगला भाग हाच आहे, आणि तो आमच्यापैकी कोणीही डिझाइन केलेला नाही.

सुरुवात करण्याची अडचण राहिलीच होती. रेडिओ समोर आहे म्हणून ती उठून लावेल असं नाही. म्हणून एक हालचाल ओळखणारा सेन्सर लावला. ती जवळून गेली की डायलमागचा पिवळा दिवा हळूहळू उजळतो आणि अगदी बारीक खरखर सुरू होते. माणसाचा आवाज मात्र आपोआप कधीच सुरू होत नाही. डिमेन्शियाच्या काही प्रकारांत, विशेषतः ल्युई बॉडी या प्रकारात, नसलेली माणसं दिसतात. अशा घरात रिकाम्या खोलीतून अचानक कोणी बोलू लागणं ही भयंकर कल्पना आहे. ‘आजी, गोळी घेतलीस का?’ असं मध्येच बोलणारे स्मार्ट स्पीकर लावण्याआधी एवढा विचार जरूर करा.

आणखी काही बारक्या गोष्टी. रास्पबेरी पाय चालू व्हायला वीस-तीस सेकंद घेतो, म्हणून तो कायम चालूच असतो, डावं बटण फक्त आवाज आणि दिवा सांभाळतं. घरात कोणीतरी मिक्सरसाठी त्याचा प्लग काढणारच, हे गृहीत धरून मेमरी कार्ड फक्त-वाचनाच्या मोडमध्ये ठेवलंय, नाहीतर महिन्याभरात कार्ड बिघडतं. टाइमआउट नाही. माझ्या नोकरीत पाच मिनिटं काही केलं नाही की सेशन बंद करावं लागतं, इथे अर्धा तास बटणावर हात ठेवून बसलं तरी चालतं. चुकीचा ‘टूँ’ आवाज नाही, कारण चूक होण्याची सोयच नाही.

डोळे, कान, बोटं

अ‍ॅप बनवणाऱ्या पंचविशीतल्या मुलांना (म्हणजे आम्हालाच) हे शरीर माहीत नसतं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं, निळा रंग काळसर दिसायला लागतो. काळ्यावर निळी अक्षरं म्हणजे त्यांच्यासाठी कोरा पडदा. चकचकीत सनमायकावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की तिथे पाणी सांडलंय असं वाटू शकतं, आणि जमिनीवरचा गडद पट्टा खड्ड्यासारखा दिसू शकतो. त्यामुळे ते मॉलमधले मासे इथे फरशीवर नकोत, पाय लटपटला तर खुब्याचं हाड मोडेल. जे काही करायचं ते टेबलावर.

कानाचं म्हणाल तर उंच पट्टीचे आवाज आधी जातात. छोट्या बझरचा ‘पीं’ नेमका त्याच पट्टीत असतो. तोंडी सूचनेच्या मागे संगीत वाजवू नका, शब्द बुडतात. आणि बोटं कोरडी झालेली असतात. टचस्क्रीन बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म बदल मोजतो, कोरड्या बोटाने तो कमी होतो. मग म्हातारी माणसं जोरात दाबतात, दाबून धरतात, आणि स्क्रीन त्याचा भलताच अर्थ लावते. ‘आजीला फोन वापरता येत नाही’ यातला किती दोष फोनचा आहे, हे कोणी मोजत नाही.

कोणता काळ, कोणाची आठवण

माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात ठळक राहतात. मानसशास्त्रात याला आठवणींचा उंचवटा म्हणतात. त्यामुळे आशय निवडायच्या आधी वजाबाकी करा. आज पंच्याहत्तरीच्या आसपास असलेली व्यक्ती १९५० च्या आगेमागे जन्मलेली. तिचा उंचवटा १९६० ते १९८०. म्हणजे मूकपट, सैगल, स्वातंत्र्यलढा हा तिच्या आईवडिलांचा काळ झाला! ‘जुनं’ म्हणून आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. आजीच्या हिशेबात ट्राम ही शाळकरी वयातली गोष्ट आहे. विविध भारती सुरू झाली १९५७ मध्ये, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला. रेडिओच्या काळात ती बरोबर बसते. आकाशवाणीची सकाळची ती धून तर सगळ्यांचीच. ती १९३६ च्या सुमाराची, वॉल्टर कॉफमन यांची. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेला हा संगीतकार. पहिल्या स्टेशनवर आम्ही तीच ठेवली.

गिरगाव आणि लालबाग यांच्यात जेमतेम काही किलोमीटर अंतर, पण आशय बदलतो. गिरगावातल्या कोणासाठी नाट्यसंगीत आणि गणेशोत्सवातली व्याख्यानं असतील. लालबाग-परळच्या कोकणातून आलेल्या घरात डबलबारी भजन आणि मालवणी बोलणं. भाषेचं तर फार महत्त्व आहे. शब्द अडायला लागले की माणूस पुष्कळदा पहिल्या भाषेकडे, घरच्या बोलीकडे वळतो. आजीच्या चौथ्या स्टेशनवर माझ्या आत्याने मालवणीत सांगितलेली मासे कापायची पद्धत आहे, पंधरा मिनिटांची. सगळ्यात जास्त तेच वाजतं.

गाण्यांच्या हक्कांबद्दल थोडक्यात. घरात स्वतःसाठी ऐकणं वेगळं. मंडळात किंवा डे-केअर केंद्रात सार्वजनिकरीत्या वाजवायचं असेल तर परवान्याची चौकशी करा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे जुनी रेकॉर्ड म्हणजे मोफत असं नाही.

आता अवघड भाग. गिरणगावासाठी यंत्र बनवायचं म्हटलं की कोणीही पहिल्यांदा म्हणेल, ‘गिरणीचा भोंगा ठेवा!’ मित्रानेही तेच सुचवलं होतं. भोंगा म्हणजे पाळी, पगार, तरुणपण. बरोबर. पण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कोणाला भोंगा म्हणजे वीस वर्षांचं आयुष्य, कोणाला तो थांबला तेव्हाची उपासमार, विकलेली भांडी, गावाला पाठवलेली मुलं. शिवाय याच शहराने १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटचे सायरनही ऐकलेत. ज्याची ‘हे आत्ता घडतंय की तेव्हा घडलं होतं’ ही सीमारेषा पुसट होत चाललीय त्याच्या कानावर न विचारता हा आवाज टाकणं मला तरी पटत नाही. आम्ही आजीला विचारलं. ती म्हणाली, ‘भोंगा नको गं. साच्यांचा आवाज असला तर ठेव.’ तिच्या खात्याशेजारचं साचेखातं, म्हणजे मागांचा विभाग. तो आवाज आता सहाव्या स्टेशनवर आहे. नको असलेला आवाज काढून टाकायची सोय प्रत्येक यंत्रात असावी, आणि एकदा काढलेला आवाज घरच्यांनी कौतुकाने परत घालू नये.

एकाहून जास्त माणसांसाठी

मंडळात, वाचनालयात किंवा डे-केअरमध्ये ठेवायचं तर रेडिओपेक्षा वस्तूंचा ट्रे बरा. ट्रेखाली आरएफआयडी रीडर, प्रत्येक वस्तूच्या बुडाला छोटा टॅग. वस्तू ठेवली की तिचा आवाज. कंडक्टरचा तिकीट पंच ठेवला की टकटक आणि दोन घंटा (एक घंटा थांबा, दोन घंटा चला), आरेची दुधाची बाटली ठेवली की पहाटेची रांग. एकाने ठेवलं की बाकीचे बोलायला लागतात, आणि हेतू तोच आहे. सावधगिरी दोन. धातूच्या वस्तूवर साधा टॅग चालत नाही, लहरी अडतात, त्यासाठी फेराइटचा थर असलेले धातूसाठीचे टॅग मिळतात. आणि सुटी लोहचुंबकं, बटण सेल असलं काही नको, तोंडात गेलं तर जिवावर बेतेल. खऱ्या वस्तू बघायच्या असतील तर अणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय उत्तम. लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ पासून ‘हाउस ऑफ मेमरीज’ नावाने, न्यूयॉर्कच्या मोमाने २००६ पासून डिमेन्शिया असलेल्यांसाठी असे उपक्रम चालवले. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजीला नेलं तेव्हा मुंबईच्या जुन्या प्रतिकृतींसमोर ती बरीच रेंगाळली. तिथे एखादं टेबल असं असायला काय हरकत आहे?

उपयोग होतो का?

स्मृती परत येत नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण ‘ब्रेन ट्रेनिंग’च्या नावाने काहीही विकलं जातं. आठवणींवर आधारित उपचारांचा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला, २२ चाचण्या, १,९७२ माणसं. संवाद, मनःस्थिती, आकलन यांत फायदा दिसला, पण लहान, आणि सगळीकडे सारखा नाही. गटाने करायच्या बौद्धिक चालना उपचाराला जास्त भक्कम आधार आहे. आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, १४ सत्रं, अशी त्याची मूळ रचना. आमचा रेडिओ हा यापैकी कशालाच पर्याय नाही. आम्ही वहीत तीनच गोष्टी लिहितो. तिने स्वतःहून हात लावला का, किती वेळ बसली, आणि त्यानंतर कोणाशी बोलली का. वाजवलेल्या गाण्यांची संख्या मोजायचा मोह होतो, पण तिचा काही अर्थ नाही. गाणं चालू ठेवून झोपली तरी संख्या वाढते.

वही कागदाचीच आहे. यंत्रात कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही, इंटरनेटही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीवर भर आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी दहा बाय बाराच्या खोलीत आजीला आधीच फार थोडा एकांत आहे. आणि तिला विचारायचं असेल तर आत्ताच विचारायला हवं, ती सांगू शकते तोवर. काय रेकॉर्ड केलेलं चालेल, कोणाला दाखवलेलं चालेल, पुढे तिला बोलता येईनासं झालं तर रेडिओवर काय ठेवायचं, हे सगळं आम्ही तिला विचारून लिहून घेतलंय. तो तास सोपा नव्हता. शेवटच्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने दोन गाणी सांगितली, जी तोपर्यंत आमच्या यादीत नव्हतीच.

सध्या पाचवं स्टेशन रिकामं आहे. तिथे क्रिकेटची जुनी कॉमेंट्री हवी असं बाबांचं म्हणणं. आजी म्हणते, राहू दे तिथे खरखर, थापटायला बरी पडते.